सासूबाईंची खुर्ची आणि बिनतारखेचा संत

उपकार विसरू नयेत हे खरं, पण ते कोणत्या क्रमाने झाले हेही विसरू नये, असं माझं मत आहे. गेल्या उन्हाळ्यात ज्या ज्या माणसांनी माझ्यावर उपकार केले, त्यांतल्या प्रत्येकाने आधी माझं काहीतरी नुकसान करून ठेवलं होतं. मी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या बेनिमार गावात मच्छीमार संघाचा हिशेबनीस आहे. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मला कुणाचे आभार मानताच येत नाहीत. तेव्हा आधी नुकसान सांगतो.

सगळं सुरू झालं माझ्या सासूबाईंच्या खुर्चीवरून. खुर्ची साधी. बुटकी, लाकडी, गवताच्या दोरीने विणलेल्या बैठकीची. आमच्या दोरवाल्या गल्लीत जून लागला आणि ऊन भिंतींवरून उतरलं, की सासूबाई, म्हणजे ओब्दुलियाबाई, ती खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवत आणि बसत. समोरच्या घरातली फिना तिची खुर्ची आणी, कोपऱ्यावरून आणखी दोघीतिघी येत. मग सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडत गावाचा कारभार चाले. याला आमच्याकडे गारव्याला बसणं म्हणतात, आणि ज्याला कोणी गारव्याला बोलावत नाही त्याने गाव सोडलेलं बरं. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, कोणत्या हॉटेलात कालचा भात आजच्या पाहुण्यांना वाढला, माद्रिदचं बिऱ्हाड यंदा जुन्याच नवऱ्यासह आलंय की नव्या, याची सगळी नोंद तिथे होई. संघाच्या कचेरीत माझीही नोंद इतकी चोख नसते.

समुद्र आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे आहे. पूर्वी तो दारातून दिसायचा. आता मध्ये हॉटेलं आहेत, त्यामुळे त्याचा नुसता वास येतो. माझी तक्रार नाही. हॉटेलांमुळे मासळी खपते, मासळीमुळे मला पगार मिळतो, आणि पगार मिळाल्यावर समुद्र बघायला हवा तर रविवारी चालत जाता येतं. पण हॉटेलांमागोमाग कॉफीवाले आले, कॉफीवाल्यांमागोमाग त्यांची टेबलं आली, आणि टेबलं इतकी पुढे सरकली की पावाची गाडी एके दिवशी पाव तसेच घेऊन माघारी गेली. स्पॅनिश माणूस पुष्कळ सहन करतो, पण पावावाचून राहणं नाही. नगरपालिकेने नियम काढला: सार्वजनिक रस्त्यावर परवान्याशिवाय कोणतीही वस्तू ठेवायची नाही. कॉफीवाल्यांनी शुल्क भरलं आणि टेबलं तिथेच राहिली. उरल्या त्या आमच्या गल्लीतल्या खुर्च्या.

त्या उचलायला सांगण्यासाठी पोलीस म्हणून नेलोला पाठवलं. नेलो आमच्याच गावचा. लहानपणी त्याचं नाक सासूबाईंनी आपल्या एप्रनला पुसलेलं. तो टोपी हातात घेऊन, त्यांच्याकडे न बघता खुर्चीच्या पायाशी बोलला.

"मावशी, ही तेवढी आत घ्यावी लागेल. मी नाही म्हणत, नियम म्हणतो."

"मग नियमालाच पाठवायचं," सासूबाई म्हणाल्या. "तुला कशाला उन्हातान्हाचं हिंडवतात?"

एवढंच बोलल्या, खुर्ची उचलली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या बंद दाराच्या आत, घरातल्या बोळात, दाराकडे तोंड करून बसू लागल्या. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, रुसवा आहे. मग त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. नंतर बोलणंही सोडलं. बोलणं सोडल्यावर मी मनात जरा सुखावलो, हे कबूल करतो. जावई हाही माणूसच असतो. पण माझी बायको निएवेस एका सकाळी मला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात म्हणाली की आईचा झगा खांद्यावरून ओघळतोय, आणि तू जन्मभर कचेरीत बसतोस ते काय नुसतं बसायलाच का. डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की सगळे अवयव वयाच्या मानाने उत्तम आहेत. उत्तम अवयवांचं माणूस डोळ्यांदेखत विझत चाललं होतं, आणि औषध म्हणाल तर दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर.

मी नगरपालिकेत गेलो. परवान्यांच्या खिडकीत मोनेर्रिस म्हणून एक गृहस्थ बसतात. डोंगराकडचे आहेत, नोकरीसाठी इथे खोली घेऊन एकटे राहतात, आणि कचेरीत समुद्राकडे पाठ करून बसतात. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंना दारात बसायचा परवाना हवा. ते म्हणाले, बसण्याचा प्रकार यादीत नाही. यादीत बांधकामाची परांची बांधणं आहे, राडारोडा टाकणं आहे, उपाहारगृहाची टेबलं आहेत, बाजारातला गाळा आहे, चित्रपटाचं चित्रीकरण आहे. सासूबाई यांपैकी कशात बसत असतील तर सांगा. त्यांच्या चेहऱ्यावर उपहासाची रेषही नव्हती. मला राग यायला काहीतरी आधार हवा होता, तोही त्यांनी दिला नाही.

गल्लीत सल्ल्याला तोटा नव्हता. आमचा शेजारी क्विको निवृत्त नळकारागीर आहे. चाळीस वर्षं लोकांच्या घरात शिरून त्याला कायद्याचं, वैद्यकीचं आणि लग्नसंबंधांचं ज्ञान झालेलं आहे. त्याचं मत पडलं की परांची दाखवावी; चार बांबू उभे करून आत सासूबाईंना बसवावं, कोण बघतंय. निएवेस म्हणाली, माझ्या आईला बांबूंच्या पिंजऱ्यात बसवणार असशील तर तूही शेजारी बस. तोडगा काढला तो फिनाने. ती म्हणाली, उत्सव आहे की.

आमच्या मुलखात जुन्या गल्ल्यांना आपापला संत असतो. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात फरश्यांवर रंगवलेला संत, आणि वर्षातून एकदा त्याचा उत्सव: गल्लीत टेबलं मांडायची, मोठ्या कढईत भात शिजवायचा, वाजंत्री आणायची, फटाके लावायचे. दोरखंड वळणारे गेले तसा आमच्या गल्लीचा उत्सवही बंद पडला होता, पण संत आमच्याच दारावर, वरच्या खिडकीशेजारी, अजून होता. मी पुन्हा मोनेर्रिससाहेबांच्या खिडकीशी गेलो. त्यांनी एका जाड पुस्तकात पाहिलं. गल्लीच्या संताचा उत्सव, शुल्क नाही. तयारीच्या काळात उत्सव समितीला रस्त्यावर खुर्च्या ठेवता येतील. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सगळं उचलायचं.

"संताचं नाव आणि तारीख?" त्यांनी विचारलं.

मला दोन्ही ठाऊक नव्हतं. शंभर वर्षांची काजळी आणि खारा वारा खाऊन कोनाडा काळाठिक्कर पडला होता. आम्ही सगळे त्याला नुसतं 'आपला संत' म्हणायचो. घरच्या माणसाला कोणी आडनाव विचारतं का? मोनेर्रिस म्हणाले, तो रकाना तूर्त मोकळा सोडा, पण लवकर आणून द्या. तयारीचा परवाना आजपासून लागू.

मी घरी येऊन विजयी मुद्रेने कागद सासूबाईंसमोर धरला. त्यांनी तो वाचलाही नाही. परवाना काढून बसायला मी काय टेबल आहे, असा त्या नजरेचा अर्थ होता. समितीत त्यांना घेतलं होतं, हे ऐकूनही दार बंदच राहिलं.

आता समिती म्हटली की मुख्य मानकरी आला. तो मान मला देण्यात आला. कारण विचारल्यावर फिनाने सांगितलं की काळा सूट फक्त तुझ्याकडे आहे. सूट माझ्या लग्नातला. तो अजून आहे हे खरं. मी त्यात मावतो हे तिने कशावरून ठरवलं, कोण जाणे. मानकऱ्याने घरोघर जाऊन आमंत्रण करायचं ते काळ्या सुटातच, हा रिवाज. महिना जुलैचा. पाहुणे अंगावर चिंधी पांघरून समुद्राकडे जात होते आणि मी पहिलं बटण सोडून सगळी बटणं लावून उलट दिशेने घामाघूम चाललो होतो. एका बाईने मला पाहून क्रूसाची खूण केली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

पण नाव हवं होतं, आणि नावासाठी कोनाडा धुवायला हवा होता. मी म्हटलं, साबणाचं पाणी. क्विको हसला. म्हणाला, अरे बाबा, हा समुद्राचा खार आहे, साबणाने लाजेल तरी का. संडास घासायचं ॲसिड आण, चाळीस वर्षांत मला त्याने दगा दिलेला नाही. मी शिडीवर चढलो. खालून क्विको मार्गदर्शन करत होता. ॲसिड टाकलं, फेस आला, काजळी खरोखर वितळून वाहू लागली, आणि निळं आकाश दिसलं, सोनेरी वलय दिसलं, एक हात दिसला. खाली टाळ्या पडल्या. मग दाढी दिसली. मग दाढीही वाहू लागली.

संताचा चेहरा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कोणत्या तरी काळी फरश्या फुटल्या असणार आणि कुणीतरी खालचा भाग साध्या तेलरंगाने रंगवून घेतला असणार. तो सगळा गेला. उरलं काय? वलय, आकाश, आशीर्वादाचा एक हात, आणि पायाशी एक तपकिरी गोळा. क्विकोने वर पाहून शांतपणे सांगितलं की ॲसिडचा हा डबा जुना असणार.

त्या संध्याकाळी अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर आली. परवाना होताच. आमच्याकडे संत ओळखतात तो त्याच्या पायाशी कोणता प्राणी आहे त्यावरून. तपकिरी गोळा हा कुत्रा आहे, तेव्हा हा संत रोके, सोळा ऑगस्ट, असं फिनाचं ठाम म्हणणं. क्विकोच्या मते ते डुक्कर होतं, म्हणजे संत अंतोन, म्हणजे जानेवारी. जानेवारीत भात कोण खाणार, असं फिनाने विचारल्यावर तो म्हणाला की संताने तुझी भूक बघून जन्म घ्यायचा होता का. कुणाला त्यात कोकरू दिसलं, म्हणून जूनमधला संत योहान. आमच्या पाद्रीबाबांनी चष्मा पुसून फार वेळ पाहिलं आणि मत दिलं की तो राक्षसही असू शकतो, आणि तसं असेल तर हा संत नसून राक्षसाला पायाखाली घेणारी एक संतीण आहे. दाढीची साक्ष देऊ शकणारा मी एकटा, आणि माझ्यावर त्या दिवशी कुणाचाच विश्वास उरला नव्हता. दर संध्याकाळी वाद नव्याने सुरू होई. बंद दाराच्या आत सासूबाई ऐकत असणार, पण दार जाड आहे आणि फिनाचा आवाज रागात खाली जातो.

इथे एक बेल्जियमचं जोडपं आलं. मी समितीसाठी ओरचाता या थंडगार दुधाळ सरबताचे ग्लास तबकात घेऊन दारातून बाहेर पडलो. अंगात काळा सूट होता, कारण त्याच दिवशी मागच्या गल्लीत आमंत्रणं केली होती आणि सूट घामाने असा चिकटला होता की दोघांनी ओढल्याशिवाय निघाला नसता. समितीच्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर एक लालबुंद भाजलेलं जोडपं बसलं होतं. त्या गृहस्थाने माझ्याकडे बघून बोट वर केलं. आता सांगा, तहानलेला माणूस दारात बसला असताना, 'ऊठ, ही उत्सव समिती आहे' असं कसं म्हणणार? मी दोन ग्लास दिले. ते प्यायले, मग त्यांनी बिल मागितलं. मी हाताने नको नको केलं. त्यांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं, तबकात नाणी टाकली, आणि जाताना त्या माणसाने माझ्या खांद्यावर थोपटून चांगला नोकर म्हणून शाबासकी दिली. दुसऱ्या संध्याकाळी ते आणखी दोन जोडपी घेऊन आले.

मी मच्छीमार संघाचा हिशेबनीस. बंदरावर मला पाहून होडीवाले टोपीला हात लावतात. मी तबक घेऊन तसाच उभा होतो, गल्ली हसत होती, आणि त्या हसण्यात एक आवाज असा होता जो महिनाभर कुणी ऐकला नव्हता. तो दाराआडून येत होता. दार बोटभर उघडं होतं.

त्या रात्री सासूबाईंनी जेवायला मागितलं. निएवेसने ताट वाढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझी अब्रू गेली त्यात आईला भूक लागली. सौदा वाईट नाही." मी पुष्कळ सौदे पाहिलेत, हिशेब बरोबर होता.

मग खुर्ची चालायला लागली. एका संध्याकाळी ती बोळाच्या मध्यावर होती, दुसऱ्या दिवशी दाराला टेकली, मग तिचे पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या दगडावर आले. उंबरा रस्त्यात मोडतो की घरात, यावर क्विकोने व्याख्यान दिलं. ते चालू असतानाच, "हे कुत्रं नाही आणि डुक्करही नाही, तुम्हा दोघांचे डोळे मात्र शेळीचे आहेत," असं म्हणत सासूबाई खुर्चीसह बाहेर येऊन बसल्या. फिनाने नुसता बियांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. थोड्या वेळाने नेलो गस्तीवर आला. आमच्या दारापाशी पोचला आणि मान वर करून आकाशातल्या पाकोळ्या मोजत पुढे गेला. त्यानंतर रोज त्याला तिथेच पाकोळ्या दिसू लागल्या.

इतकं सुख टिकलं तर ते आपलं कसलं? कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान आहे. तिथल्या मालकाने अर्ज दिला की दोरवाल्या गल्लीत काळ्या सुटातला एक वेटर विनापरवाना सरबत वाटतो. चौकशीला मोनेर्रिससाहेब स्वतः आले. सरबताचं त्यांनी लगेच मिटवलं, पण कागद उलगडताना मोकळा रकाना त्यांच्या डोळ्यांत भरला. संत कोण, तारीख कोणती? बिनतारखेची तयारी पुस्तकात नाही. पुढच्या खेपेला ते जुन्या चित्रांची जाणकार बाई घेऊन येतो म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. संत सापडला की तारीख ठरणार. तारीख ठरली की उत्सव होणार. उत्सव झाला की दुसऱ्या दिवशी सगळं उचलायचं. संत शोधण्यासाठी मी ज्या तळमळीने महिनाभर धडपडलो होतो, ती सगळी तळमळ म्हणजे सासूबाईंची खुर्ची आत नेण्याची मजुरी होती. निएवेसला हे सांगितलं तेव्हा तिने क्रूसाची खूण केली. मग म्हणाली, देव करो आणि त्या बाईला काही न कळो. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेली ती पहिली प्रार्थना असेल.

जाणकार बाई आली, शिडीवर चढली, कापसाने पुसलं, भिंगातून पाहिलं. खाली अख्खी गल्ली जमली होती. ती उतरून म्हणाली की वरचा भाग सुंदर आहे, खालचा कुणीतरी अलीकडेच नष्ट केला आहे. असं करणारा हात कुणाचा? माझा हात खिशात गेला. क्विको पाकोळ्या पाहू लागला. बाई म्हणाली, चित्रावरून आता नाव काढता येणार नाही, पण गल्लीतलं सर्वांत जुनं माणूस कोण? त्यांना आठवत असेल.

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. आणि आमची ही म्हातारी काहीही विसरत नाही. फिनाच्या आईने उसनी नेलेली कढई दुसऱ्याच झाकणासह परत दिली, हे झाकणाच्या रंगासकट तिला आठवतं. माझ्या लग्नात माझ्या मामाने किती कोळंब्या खाल्ल्या, तेही.

मोनेर्रिस लेखणी उघडून पुढे झुकले. "आजी, नीट आठवून सांगा. हा संत कोण?"

"कोण जाणे, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "मी लहान होते. तो उंचावर होता."

"बरं, उत्सव कधी व्हायचा?"

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात केव्हा?"

"उकडायचं तेव्हा." मग आवाज एकदम म्हातारा करून, "वय झालं हो माझं. कालचं आज आठवत नाही."

फिनाने ठसका लागल्यासारखं केलं. मोनेर्रिस सासूबाईंकडे पाहत राहिले. सासूबाई त्यांच्याकडे. सरकार आणि म्हातारी यांच्यात अशी नजरानजर झाली की कोण हरणार याची मला शंका उरली नाही. त्यांनी लेखणी मिटली.

"तयारी चालू, असं लिहितो," ते म्हणाले. "तारीख आठवली की कळवा. संताला घाई नसेल तर नगरपालिकेला कशाला?"

सासूबाईंनी फिनाला साहेबांसाठी खुर्ची आणायला सांगितलं. ते नको नको म्हणत बसले. कुणीतरी बिया पुढे केल्या. त्यांनी एक बी उभी दातात धरली, टच करून फोडली आणि टरफल न बघता अचूक मुठीत टाकलं. माणूस आपल्यातला आहे, हे गल्लीला कळलं. डोंगरात त्यांच्या घरीही म्हणे असंच बसतात. इतकी वर्षं इथे काढली, पण कुणी बसा म्हटलं नव्हतं. ते सांगताना त्यांनी समुद्राच्या बाजूला तोंड केलं होतं. समुद्र काही दिसत नव्हता, तो भाग वेगळा.

मंडळी उठली तेव्हा सासूबाईंची खुर्ची आत न्यायला मी पुढे झालो. त्यांनी ती मला उचलू दिली, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. मी दारात पोचलो तर त्या मागेच थांबलेल्या. त्यांनी कोनाड्याकडे मान वर केली, एक नाव घेतलं, आपल्या धाकट्या भावाचं घ्यावं तसं, आणि म्हणाल्या, "येते हं. उद्या आहेच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सण एका दिवसाचा असतो, एलाडियो," त्या आत येत म्हणाल्या. "भात शिजवायचा, भांडी घासायची, खुर्च्या आत. त्यापेक्षा तुमची तयारी बरी. चांगली चालली आहे. चालू द्या."

तेव्हापासून आमची तयारी चालू आहे. काळा सूट मी उसवून सैल करून घेतला आहे. बेल्जियमची माणसं यंदाही यायची आहेत. नेलोचे, क्विकोचे, फिनाचे आणि त्या आइस्क्रीमवाल्याचेही मनापासून आभार. संताचेही मानायचे आहेत, आणि त्याचं नाव मी ऐकलं आहे. नावावरून तारीखही सहज निघते. पण ते इथे लिहीत नाही. मोनेर्रिससाहेब हल्ली रोज संध्याकाळी आमच्या दारात बसतात, आणि हाताला लागेल ते वाचतात.